दोनच थेंब

१२ जानेवारी, रविवार

नवऱ्याच्या चपला घालून चर्चला गेले! माझ्या एकाही चपलेत पाय शिरत नाही. खाली एरॉलच्या नऊ नंबरच्या रबरी चपला, वर नवा कोरा ड्रेस. निर्मळ गावच्या बायकांना बोलायला आठवडाभर पुरेल.

मिस्सा सुटल्यावर ॲंजेला मावशीनं गाठलंच. ही सासूबाईंची धाकटी बहीण, आणि जगातल्या सगळ्या पोटांची तज्ज्ञ. माझ्या पायाकडे बघून निकाल दिला — पाय सुजले म्हणजे मुलगा! तोंडही सुजलंय, तेव्हा गोरा मुलगा. बाप्तिस्म्याला धर्ममाता तीच होणार, मोरपंखी साडी काढून ठेवलीय. मला कुणी विचारलेलं नाही. मी फक्त पोट आणलंय.

सासूबाई शेजारी उभ्या राहून "अंगावर आलंय तिच्या," असं कौतुकानं सांगत होत्या. जसं काही त्यांनीच खाऊ घालून वाढवलं. त्या रिटायर शिक्षिका, मराठी शाळेच्या. एरॉलशी गावच्या बोलीत बोलतात, माझ्याशी पुस्तकातलं मराठी — इन्स्पेक्टर शाळा तपासायला आल्यासारखं. लग्नाला तीन वर्षं झाली, इन्स्पेक्टर अजून गेलेला नाही.

१५ जानेवारी

डॉक्टर राधिका मॅडमनी बीपी दोनदा मोजलं. मग लघवी तपासली. प्रोटीन जातंय म्हणाल्या. गोळ्या दिल्या, घरी मशीन घ्या म्हणाल्या. डोकं दुखलं, डोळ्यापुढे काही चमकलं तर थेट यायचं, फोनसुद्धा करत बसायचं नाही.

प्रीएक्लॅम्प्सिया. मी विमा कंपनीत मेडिक्लेमचे कागद तपासते. हा शब्द इतका लांबलचक की मी तो दरवेळी कॉपी-पेस्ट करते. आज पहिल्यांदा पूर्ण वाचला.

संध्याकाळी मशीन आलं. मग काय, जत्रा! आधी एरॉलचं बीपी, मग सासूबाईंचं, मग केळीला पाणी सोडायला येणाऱ्या रामूचं, मग ॲंजेला मावशीचं — ती रिक्षा करून आली. सगळ्यांचं उत्तम. माझं तेवढं जास्त. एरॉलनं मशीन उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, "पट्टा सैल असेल." चौघांना घट्ट बसणारा पट्टा मलाच कसा सैल होतो, ते त्यालाच ठाऊक.

१७ जानेवारी

नावांचं विचारलं. "बघू."

पाळण्याचं विचारलं. "बघू."

या माणसाच्या थडग्यावर हाच शब्द कोरणार आहे मी.

१९ जानेवारी, रविवार. हॉस्पिटल

कळंबच्या समुद्रावर फोटो काढायला गेलो होतो. हो, मीच! लेस्टरनं — एरॉलचा मावसभाऊ, मावशीचा मुलगा — नवा कॅमेरा घेतलाय, आणि त्याला एक पोट हवं होतं. मावशीनं भाड्यानं लाल गाऊन आणला, मागे हातभर शेपूट. वाळूत मी उभी, वाऱ्यावर शेपूट, पलीकडे दांड्यांवर बोंबील वाळत घातलेले. लेस्टर सांगतोय, पोटाखाली हात धर, सूर्याकडे बघ, आई झाल्यासारखं हस. आई झाल्यासारखं म्हणजे कसं? माझं डोकं सकाळपासून ठणकत होतं. मी दात दाखवले.

मग तो फ्लॅश मारायला लागला. एकामागून एक. मी म्हटलं, फ्लॅश बंद कर, त्रास होतोय. तो हसला. परत म्हटलं. तेव्हा त्यानं कॅमेरा खाली केला आणि म्हणाला, "वहिनी, फ्लॅश लावलेलाच नाही."

पुढचं मला तुटक आठवतंय. एरॉलनं गाडी पिटाळली. मावशी मागच्या सीटवर गाऊनचं शेपूट गोळा करत होती, भाड्याचा होता ना. वाटेत दर सिग्नलला एरॉल म्हणत होता, काही नाही होणार. मी म्हटलं, तू गप्प बस. लाल गाऊनमध्येच ॲडमिट झाले. सिस्टर लोकांना वाटलं कुठल्या लग्नातून आणलीय.

२० जानेवारी

राधिका मॅडम सरळ बोलतात, त्याबद्दल आभारी आहे. या आजाराला एकच औषध — बाळ बाहेर काढणं. वाट पाहिली तर मला झटके येऊ शकतात, बाळाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. बाळाची फुप्फुसं पिकायची इंजेक्शनं कालच सुरू केलीत. उद्या कळा आणायच्या, आठव्या महिन्यातच. एरॉलनं विचारलं, थोडे दिवस थांबता नाही का येणार? मॅडमनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मी या बाईवर खूश आहे.

दुपारी सासूबाई बॅग घेऊन आल्या. टॉवेल, लंगोट, रोजरीची माळ, सुकेळी — बाईला केळी वाळवण्यावाचून जगात दुसरं काही सुचत नाही. आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात एक बाटली, डोळ्यांच्या औषधाएवढी. रुमाल काढताना ती पडली. चर्चमधलं पवित्र पाणी.

मला एका क्षणात कळलं. कॅथलिक घरातली आहे मी, मलाही शिकवलंय. बाळ दगावतंय असं वाटलं, फादर पोचत नसले, तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. डोक्यावर पाणी, दोन ओळी, झालं. मरणाऱ्या बाळासाठीची सोय! अजून जन्मलं नाही, आणि आजी सामान भरून तयार.

मी म्हटलं, "आई, घाई कसली आहे तुम्हाला?"

त्या म्हणाल्या, "तयारी असलेली बरी असते."

मी त्यांना शब्द द्यायला लावला. माझ्या बाळाच्या डोक्यावर त्या बाटलीतला थेंब पडणार नाही. बाप्तिस्मा एकदाच होतो, दुसऱ्यांदा देता येत नाही. त्याचा होईल तो चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, पांढऱ्या कपड्यांत. मावशीची मोरपंखी साडीसुद्धा चालेल. त्यांनी शब्द दिला. पुस्तकातल्या मराठीत दिला. बाटली मात्र परत पर्समध्ये ठेवली.

२१ जानेवारी

अंगात उकळतं पाणी सोडल्यासारखं वाटतंय. झटके येऊ नयेत म्हणून हे औषध. कळांचंही औषध लावलंय. कळा येत नाहीत. तेही बहुतेक एरॉलच्या घराण्यातलं — बघू म्हणतंय.

२३ जानेवारी

मुलगा.

काल दुपारपासून कळा. सगळं लिहीत बसत नाही. एक सिस्टर सतत सांगत होती, ओरडू नका, ताकद वाया जाते. तिला म्हटलं, माझी ताकद आहे, मी वाया घालवीन.

आवाज आला. अगदी बारीक. मग पाठमोरी माणसंच दिसली. एक पाऊल दिसलं मला, माझ्या अंगठ्याएवढं. लगेच नेला त्याला काचेच्या खोलीत, एरॉल मागून गेला. मी इथे नळ्यांना बांधलेली. दीड किलोसुद्धा नाही.

ॲंजेला मावशीचा फोन — "बघ, मी म्हटलं नव्हतं, मुलगा!" मी फोन उशीखाली ठेवला. बराच वेळ उशी बोलत होती.

२५ जानेवारी

आज खुर्चीतून नेलं. पेटीत ठेवलाय. नाकात नळी, पायाला वायर. तो श्वास घ्यायला विसरतो. खरंच, असंच म्हणतात इथे — विसरतो. मशीन ओरडतं, सावित्री सिस्टर पेटीत हात घालून तळव्याला टिचकी मारते, त्याला आठवतं. विसराळूपणा नक्की बापाकडून.

सावित्री सिस्टर जूचंद्रची. अंगानं लहानशी, बोलणं खडखडीत. मला म्हणाली, ताई, रडायचं तर भायेर, इकडं पानी सांडायचं नाय. आवडली मला.

सासूबाई दिवसभर बाहेरच्या बाकावर बसतात. पर्स मांडीवर. मी त्या पर्सवर नजर ठेवून आहे.

मावशी सुकेळी घेऊन आली (आणखी सुकेळी!) आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, रिटाला — म्हणजे सासूबाईंना — पहिली मुलगी झाली होती, एरॉलच्या आधी. घरीच. फादर सायकलवरून येईपर्यंत गेली. बाप्तिस्मा नाही, नाव नाही. तेव्हाच्या रीतीप्रमाणे कबरस्तानाबाहेर, भिंतीकडेला पुरली. रिटा अजून त्या बाजूनं जात नाही.

तीन वर्षं ही बाई मला चर्चमधल्या प्रत्येक बाईच्या सुनेची कुंडली सांगते, आणि हे सांगायला तिला आज वेळ मिळाला! तरी सासूबाईंना शब्दातून मोकळं केलं नाही. केलं असतं तर बाटली बाहेर आली असती.

२६ जानेवारी, रविवार

दूध निघालं. चमचाभर. राधिका मॅडमनी शाबासकी दिली. एवढी शाबासकी मला बी.कॉम.लासुद्धा मिळाली नव्हती.

संध्याकाळी सासूबाई आत जाऊन आल्या. बाहेरून ऐकलं, पेटीशी वाकून त्या बाळाशी बोलत होत्या — गावच्या बोलीत. म्हणजे तो इन्स्पेक्टर नाही.

२८ जानेवारी

जंतुसंसर्ग. रात्रीतून पांढरा पडला. आता श्वासाचं मोठं मशीन. मुलांचे डॉक्टर म्हणाले, पुढचे दोन दिवस महत्त्वाचे. मी रोज कागदांवर वाचते हे वाक्य. त्याच्या पुढच्या पानावर काय असतं तेही मला माहीत आहे.

एरॉलला सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत उभा राहिला. आतून काही फुटतच नाही का या माणसाला? मी विचारलं, तुला भीती नाही वाटत? म्हणाला, "होईल बरा." मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. इतकी एकटी मी कधी नव्हते. सगळ्या घरात घाबरलेली मी एकटीच.

दुपारी एकटी आत गेले. आणि केलं.

हो, मीच! जिनं सासूकडून शब्द घेतला तिनं. ट्रेमध्ये त्याचे डोळे पुसायचं उकळलेलं पाणी होतं. कापूस बुडवला, कपाळावर धरला. नाव हवं होतं. ठरलेलं कुठे होतं? माझ्या पपांचं घेतलं — सॅन्टन. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते.

वर बघितलं तर सावित्री सिस्टर उभी. आता ओरडणार, असं वाटलं. ती पाठ करून सलाईन बघायला लागली आणि तशीच म्हणाली, "दोनच थेंब हां, ताई. ओला झाला की गार पडतो."

मी काय करतेय ते तिला कसं कळलं, कोण जाणे.

कुणाला सांगणार नाही. सासूबाईंना तर मुळीच नाही. त्यांना वाटेल, जिंकल्या. आणि चर्चमधला सगळा बेत मीच मोडला, आता तो परत होणार नाही. मोडू दे. तो तिकडे नावाशिवाय जायला नको, एवढंच मनात होतं. मी हरले आज. लिहून ठेवते.

३० जानेवारी

रंग बदलला. म्हणजे, आला.

४ फेब्रुवारी

मोठं मशीन काढलं. माझं बीपीही उतरतंय. मावशी विचारते, साडीला फॉल लावून घेऊ ना? लावा.

२४ फेब्रुवारी

घरी आलो. दारात माणसांची गर्दी. सगळ्यांना हात धुवायला पाठवलं, मावशीला दोनदा. सासूबाई सांगत होत्या, आजपासून या घरात टिफनी म्हणेल तसं. म्हणजे मी. बघू!

२ मार्च, रविवार

बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला फादर फ्रेडरिकांकडे गेलो. मी, एरॉल, आई. बाळ मांडीवर. उपवासकाळ लागतोय, तेव्हा ईस्टरनंतर ठेवू म्हणाले. मग रजिस्टर उघडता उघडता सहज विचारलं, हॉस्पिटलमध्ये कुणी तातडीचा बाप्तिस्मा दिला नाही ना? दिला असेल तर परत देता येत नाही, फक्त उरलेला विधी करायचा.

खोटं बोलायचं ठरवून आले होते. फादरांसमोर जमेना. "दिला. मी. अठ्ठावीसला, सॅन्टन नावानं," म्हटलं आणि मान खाली घातली. आता आईंचं तोंड बघावं लागणार होतं. वर बघितलं तर त्यांचीही मान खाली. "मी त्याच्या दोन दिवस आधीच दिला होता, फादर. ॲन्सेल्म म्हटलं, ह्यांचं, एरॉलच्या वडिलांचं नाव," त्या म्हणाल्या. शब्द मोडला बाईनं! माझ्याकडे वळून गावच्या बोलीत काहीतरी पुटपुटल्या. मला, गावच्या बोलीत.

फादर म्हणाले, पहिला असतो तोच खरा. त्यांनी आईंची तारीख लिहायला घेतली. तेवढ्यात एरॉलनं घसा खाकरला.

"पहिला माझा आहे. जन्मला तेव्हाच, काचेच्या खोलीत. टिफनी नळ्यांत होती. मला वाटलं राहत नाही तो. सिस्टर म्हणाली, दोनच थेंब."

फादरांनी विचारलं, मग नाव काय घेतलंस?

एरॉल माझ्याकडे बघत म्हणाला, "नाव नाही घेतलं. नुसतं बाळ म्हटलं. नाव तिला ठेवायचं होतं."

मला हुंदका आवरेना. फादर पेन धरून माझ्याकडे बघत थांबले.