हळदीचा पंप आणि तुमचा पंप

हिंगोली,
५ मे २००४

ती. भीमसिंग दाजी यांस,

देविदासचा जय सेवालाल. मिराताईचा गुडघा कसा आहे, औरंगाबादचं ऊन तिला सोसतंय का, हे आधी कळवा. तांड्यावर आई बरी आहे. सेनगावच्या डॉक्टरला अजून तीच सल्ला देते.

पत्र लिहायचं कारण तुमचे उपकार. जीप चालवणं सोडून मी काचा धुवायची गाडी काढली तेव्हा सगळ्या पाहुण्यारावळ्यांत तुम्ही एकटेच हसला नाहीत. (ताई हसली, पण पाठ फिरवून.) उलट गाडीतल्या टाकीला लावायला चांगला पंप धाडलात आणि स्वस्तातल्याच्या नादी लागू नकोस, असं बजावलंत. मी लागलो. तुमचा पंप इतका देखणा निघाला की तो चिखलपाण्यात घालायला मन होईना. मोठ्या कामाला राहू दे, म्हणून त्याची पूजा केली, जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटावर ठेवला आणि गाडीला सोनाजीकडचा जुना पंप बसवला. हा सोनाजी हळद पॉलिश करून देतो. पॉलिशच्या वेळी हळकुंडांवर हळदीचं पाणी मारावं लागतं, आणि त्या पंपाचा सगळा जन्म त्यातच गेलेला. धुतला की झालं, असं सोनाजी म्हणाला. पंप स्वस्त असल्यामुळे मला ते लगेच पटलं.

पहिलंच काम मिळालं ते हरिचंद शेठच्या ट्रॅक्टरच्या नव्या दुकानाचं. समोरची अख्खी भिंत काचेची. दुपारी धुणं, संध्याकाळी उद्घाटन. पसंत पडलं तर दर आठवड्याला मीच, नाहीतर पुन्हा सेनगावची जीप. (यापेक्षा मोठं काम हिंगोलीत कोणतं असतं, हा विचार तेव्हा सुचला नाही.) खालच्या काचा बऱ्या निघाल्या. वरच्यांसाठी जोर वाढवला, तशी पंपाच्या पोटातली हळद सुटली आणि काच पिवळी झाली. घाबरून मी टाकीत धुण्याचा सोडा ओतला. हळदीत सोडा पडला की काय होतं ते ताईला विचारा. काचेवरून कुंकवासारखे लालभडक ओघळ उतरले. शेठची आई रूपाबाई हात जोडून उभ्या राहिल्या. शेठ म्हणाले, "देविदास, दुकानाचं उद्घाटन हाय, लगीन न्हाई. पाहुणे येऊन राहिले."

कुणाची तरी सायकल घेऊन घर गाठलं. शिलानं पंप काढून हातात दिला आणि बायकोच्या हक्कानं विचारलं, "लेकरावानी गुंडाळून ठिवला. ह्यो पाणी मारायला हाय का पाळण्यात घालायला?" टाकी रिकामी करून ताजं पाणी भरलं, नळी बदलली, तुमचा पंप जोडला. दाजी, ना खडखड, ना धाप. पार वरच्या कोपऱ्यापर्यंत एकसारखी धार. पाहुणे उतरले तेव्हा काचेत त्यांना स्वतःचे फेटे दिसले. काम मला मिळालं. रूपाबाई तेवढ्या नाराज आहेत. चांगला शुभ रंग पुसला म्हणतात.

आज घरात चूल पेटते आहे ती तुमच्यामुळे, हे मी विसरणार नाही. ताईला नमस्कार, लेकरांना गोड पापा.

तुमचा उपकृत मेहुणा,
देविदास

ता. क. पंपाचं कौतुक खरं आहे, फक्त तो सध्या गाडीवर नाही. त्या दिवशी शिला माझ्या मागोमाग दुकानावर आली आणि तिनं ती धार पाहिली. आमच्या गल्लीत नळाचं पाणी खड्ड्यात उतरून भरावं लागतं. आता ते थेट गच्चीवर जातं. पंप तिनं गाडीच्या बॅटरीसकट नेल्यामुळे गाडी दारात उभी आहे आणि शेठच्या काचा मी शिडी नि बादली घेऊन पुसून राहिलो. शेठनं अजून काही विचारलेलं नाही, पण बघून राहिले. तेव्हा अजून एक पंप पाठवावा. घरासाठीच आहे, स्वस्तातला चालेल.

आणखी ता. क. वरची ओळ शिलानं वाचली. घरचा पंप आहे तोच राहणार. नवा गाडीला लागेल, म्हणून चांगलाच पाठवा, बॅटरीसकट. आणि तो हरिचंद शेठच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको.