चिखलाची अर्धी नळी

प्रिय धांदरटा,

तळ्याच्या तळातून काढलेली चिखलाची नळी आपण पहिल्यांदा उभी चिरली, तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. तू चहाचा कप थेट चिखलावर टेकवलास. मी ओरडले, तर म्हणालास, अगं, हजार वर्षांनी कुणी लिहील की इथे चहाचे मळे होते. मी दोन दिवस अबोला धरला आणि मनात हसत राहिले.

तुझं पत्र मिळालं. तुझं पुस्तक निघतंय आणि त्यातल्या आपल्या त्याच जुन्या तापमानाच्या आलेखाखाली माझं नाव हवंय. सव्वीस वर्षांनीही हट्ट सोडला नाहीस. पृथ्वी तापलीय, माणसाच्याच करणीनं तापलीय, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. वाद होता तो आलेखातल्या जोडाचा, जिथे चिखलावरून काढलेलं जुनं तापमान संपून तापमापकाचं सुरू होतं. इकडे रोज वाचलेला तापमापक, तिकडे बोटभर जाडीचा चिखल, ज्यात शंभर वर्षं कालवलेली. मध्येच वीस वर्षं उष्णतेचा भडका उडून विझला असेल, तर चिखलाला ते सांगता येणार नाही. मग ‘इतक्या झपाट्यानं पूर्वी कधीच नाही’ हे आपल्या तळ्याच्या तोंडी कसं घालायचं? कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोड. म्हणून तर तू मला मदर म्हणायचास. ‘तुझ्या कोऱ्या जागेपायी लोक हातावर हात ठेवून बसतील,’ असं म्हणून तू बॅग उचललीस आणि गेलास. तेही खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

नळीचा दुसरा अर्धा भाग मी जपून ठेवला होता. निवृत्तीनंतर प्रयोगशाळेत एक कोपरा मागून घेतला आणि सहा वर्षं कागदासारखे पातळ काप काढून जुनं तापमान सांगणारे परागकण मोजत बसले. तुला खोटं पाडायचं होतं. पण तळातल्या अळ्यांनी सगळं केव्हाच वरखाली केलेलं निघालं. भडका होता असं मला म्हणता येत नाही, नव्हता असं तुला. हे ऐकून मोठ्यानं हसेल असा एकच माणूस मला ठाऊक होता आणि त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. दिवा मालवून घरी आले. आपण एकत्र काढलेली चार वर्षं चिखलाच्या त्या मापानं केसाएवढी, कुठल्याच आलेखात न दिसणारी. झाली मात्र होती.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, डावा गेला, उजवाही फार दिवस नाही. माझ्या हातचं हे बहुधा शेवटचं पत्र. आलेखाखाली माझं नाव नको. सूक्ष्मदर्शक तुझ्या मुलीला, ती हेच शिकतेय ना. काचपट्ट्या प्रयोगशाळेला. हातभर न कापलेला चिखल उरलाय, तो थंड खोलीतच राहू दे, पुढे कुणाला नवी युक्ती सुचली तर त्याच्यासाठी. मोजणीच्या वह्या तुझ्या. त्या पोस्टानं पाठवणार नाही, घ्यायला तू स्वतः ये.

तुझीच,
मदर