यंदाचा पेसहा

पाला, १० मार्च १९९१

चि. पेन्नम्मास,
अनेक आशीर्वाद. ईशोची स्तुती असो.

मठात तू सिस्टर बेर्त्ता असशील, पण धाकट्या बहिणीला ते नाव लिहायला माझा हात वळत नाही. उपासाच्या दिवसांत मदरबाई तुला पोटभर कप्प्याचे कंद तरी देतात ना? इकडे मिरी वाळवून झाली. ह्यांचा खोकला आहे तसाच.

कुवेतची लढाई थांबली, तरी आमच्या कुरियाच्चनचा पत्ता नाही. नाताळाआधी कुणाच्या तरी हाती एक चिठ्ठी आली, त्यानंतर अक्षर नाही. बाकीची पोरं तेव्हाच जीव घेऊन पळाली. आमचे चिरंजीव मात्र मालकाने दुकानाच्या किल्ल्या हाती ठेवल्या म्हणून मागे राहिले. अगदी बापावर गेलाय. सूनबाई लीसम्मा दिवसभर रेडिओला कान लावून बसते. तिला चार घास खा म्हणायचंही मला सुचत नाही.

आणि काल शेजारची अक्कम्मा आली. म्हणाली, चेच्ची, यंदा पेसहाच्या गुरुवारी तू चूल पेटवू नकोस, अप्पमाची भाकर आणि नारळाच्या दुधाचं गोड पाल आमच्याकडून येईल. ऐकलंस? ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं, त्याच घरी शेजारचा अप्पम जातो ना? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, माझा मुलगा जिवंत आहे, तुझा अप्पम तुझ्या सुनेला चार. हे उठून अंगणात जाऊन उभे राहिले.

पेन्नम्मा, मी करू ना गं अप्पम? तू शिकलेली आहेस, सांग.

तुझी,
एलिक्कुट्टी


मट्टांचेरी, १४ मार्च १९९१

ती. चेच्चीस,
पेन्नम्माचा साष्टांग नमस्कार.

साठी आली तरी तुझी जीभ अजून तिखटच! अक्कम्माची माफी माग. चांगली बाई आहे ती. पण अप्पम कर. ज्याची वाट बघतोय, त्याचं सुतक कुणी धरतं का?

आमच्या शाळेमागच्या ज्यू गल्लीत सिप्पोरा अम्मायी राहतात. इथे उरलेल्या थोड्या म्हाताऱ्यांपैकी एक. त्यांचाही पेसहा जवळ आलाय. आंबवलेल्याचा कणही घरात राहू नये म्हणून कपाटं उलटीपालटी करताहेत. मी आपल्या बिनआंबवणाच्या अप्पमाचं सांगितलं, तर हसून म्हणाल्या, म्हणजे तुमची आमची चूल एकाच घरातली, वाटण्या मागाहून झाल्या. त्या रात्री त्या वाळल्या द्राक्षांच्या रसाचे चार प्याले पितात. मिसरात कोकराचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं आणि मृत्यू ते घर ओलांडून पुढे गेला, त्याची ती आठवण. आपल्या प्रभूने शेवटच्या भोजनात असाच एक प्याला हाती घेतला आणि म्हणाला, हे माझं रक्त. कुर्बानेच्या उपासनेत फादर उचलतात, तो प्याला इथूनच आलाय.

कुरियाच्चनसाठी रोज मेणबत्ती लावते. लीसम्माला जेवायला घाल.

तुझ्या मायेची भुकेली,
पेन्नम्मा


पाला, १९ मार्च १९९१

चि. पेन्नम्मास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र लीसम्माला दोनदा वाचून दाखवलं. इतके महिने छातीवर धोंडा होता, तो जरा हलला. रक्त पाहून मृत्यू ओलांडून गेला, हे मला कुणी असं सांगितलंच नव्हतं गं! आता माझं ठरलं. येत्या रविवारी चर्चमधून झावळीची पानं मिळाली की त्यांचे क्रूस करून आधी दाराच्या चौकटीला खोचणार, मग अप्पमावर ठेवायचे. उडीद-तांदूळ नवे आणले. पालासाठी गूळही काळा, चांगला मिळाला. लीसम्माला म्हटलं, गुरुवारी हा पालाचा पेला आपण सगळ्यांनी प्यायला की कुरियाच्चन कुठे का असेना, मृत्यू त्याला शिवायचा नाही. पोरगी त्या दिवशी प्रथम पोटभर जेवली.

ह्यांना मात्र काय झालंय कळत नाही. अप्पमाचा विषय निघाला की ताटावरून उठतात. तू एकदा ह्यांना दोन ओळी लिही, तुझं ऐकतील.

तुझी,
एलिक्कुट्टी


पाला, २१ मार्च १९९१

सिस्टर बेर्त्ता यांस,
देवस्याकडून. तू मठातली, तेव्हा तुला आशीर्वाद द्यावा की तुझ्याकडे मागावा, हे मला कधी कळलं नाही.

तू एलिक्कुट्टीला हे काय लिहून बसलीस? चौकटीचं आणि रक्ताचं? ती आता कुणाचं ऐकत नाही.

रामपुरमचा पाप्पी गेल्या महिन्यात कुवेतहून जॉर्डनमार्गे परत आला. त्याने मला बाजारात गाठलं. कुरियाच्चनचं दुकान बॉम्बने पेटलं, पाप्पीने ते जळताना पाहिलं. पोरगा मागच्या खोलीत झोपायचा. त्याला बाहेर आलेलं कुणी पाहिलं नाही आणि आत सापडलेलंही कुणी पाहिलं नाही. पाप्पी एवढंच सांगतो आणि रडतो.

हे घरी बोलायला माझं तोंड उघडत नाही. म्हणून मीच अक्कम्माला सांगितलं, यंदा अप्पम तू पाठव. म्हटलं, शब्दांनी नाही तर अप्पमाने तरी तिला कळेल. झालं उलटंच. आता गुरुवारी घरातला कर्ता म्हणून प्रार्थना मी म्हणायची, अप्पम मोडायचा मी आणि वयाप्रमाणे हातात द्यायचा मी. माझ्याने ते व्हायचं नाही. तू तिला लिही की करू नकोस. कारण लिहू नकोस.

देवस्या


मट्टांचेरी, २४ मार्च १९९१

ती. अच्चायन यांस,
पेन्नम्माचा नमस्कार.

पत्र वाचून मी चॅपेलमध्ये जाऊन बसले, पण प्रार्थना काही म्हणता आली नाही. त्याला पहिल्यांदा न्हाऊ घातलं ते मी. मठात येण्याआधी तो माझ्याच कुशीत झोपायचा.

चूक माझी आहे. चेच्चीला मी अर्धंच लिहिलं. तिला धीर हवा होता, आणि मलाही हवा होता. प्याला दिल्यावर प्रभू त्याच रात्री बागेत गेला आणि गुडघे टेकून म्हणाला, बापा, हा प्याला माझ्यापासून दूर कर. झाला नाही दूर. मिसरात लेकरं वाचली, पण देवाने स्वतःचं लेकरू वाचवलं नाही. आपण पितो तो मृत्यूला दाराबाहेर ठेवायचा ताईत नाही हो. तो प्याला आपल्या ओठांना लागतो तेव्हा प्रभूने तो आधीच प्यायलेला असतो, एवढंच. हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

अप्पम करू नकोस असं खोटं कारण काढून मी तिला लिहिणार नाही. तुम्ही सांगा. गुरुवारच्या आत सांगा. मनात हे दडवून तो अप्पम मोडू नका, अच्चायन. मी यायला परवानगी मागितली, पवित्र आठवड्यात मिळाली नाही.

तुमच्या पायांशी,
पेन्नम्मा


पाला, ३० मार्च १९९१

चि. पेन्नम्मास,
आशीर्वाद.

तुझं ह्यांना आलेलं पत्र काल मी वाचलं. तुझ्यावर रागावले होते, आता नाही.

गुरुवारपर्यंत हे बोलले नाहीत. दिवा लावला, अप्पमावर झावळीचा क्रूस, शेजारी पाल. हे बायबल वाचायला लागले आणि रक्त पाहून मी तुम्हांला ओलांडून जाईन, इथवर आले. पुस्तक मिटलं. मग पाप्पी, दुकान, आग, अक्कम्मा, सगळं सांगितलं, खाली बघत. मी अद्वातद्वा बोलले. म्हटलं, महिनाभर शेजारी झोपून गप्प राहिलात, दगड आहात का? ते म्हणाले, हो.

त्यावर लीसम्मा उठली. मला वाटलं, पडते की काय. तिने अप्पम उचलून ह्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, मोडा, चाच्चन. ह्यांनी मोडला. वयाप्रमाणे दिला. कुरियाच्चनचा वाटा आला तेव्हा तिने दोन्ही हात पुढे केले.

मग पाल. पेला मी हातात धरून बसले. देवाला म्हटलं, नको, हा माझ्याकडून काढून घे. कितीतरी वेळ तेच म्हणत होते. मग प्यायले. गोड लागला गं. त्या गोडीचाच मला इतका राग आला की रडू फुटलं, आणि मग तिघंही रडलो. इतक्या दिवसांत आम्ही एकत्र रडलोच नव्हतो.

आज फादर आले. उद्या ईस्टरच्या कुर्बानेत कुरियाच्चनचं नाव घ्यायचंय. हळूच विचारलं, जिवंतांमध्ये घेऊ की मृतांमध्ये? हे माझ्याकडे बघायला लागले. लीसम्मा दाराआड उभी होती.

मी म्हटलं, फादर, दोन्हींकडे घ्या. प्याला एकच आहे.

सुट्टी मिळाली की लगेच ये.

तुझी,
एलिक्कुट्टी