शेपूट तुटलेला उंदीर आणि रविवारचे पाहुणे

भवानीनगर,
दसऱ्यानंतरचा मंगळवार, १९९४

श्री. दत्तोबा पाव्हणे यांना साहेबरावाचा रामराम. वहिनींचा गुडघा कसा आहे? तिकडे डाळजात कुणाला ताप नाही ना? इकडे आम्ही ठणठणीत, आणि तुमची बहीण म्हाळसा तर माझ्यावर ओरडण्याइतकी ठणठणीत आहे.

प्लेगच्या बातम्यांनी सगळे हादरलेत, पण आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या हद्दीत काळजी नको. हद्द माझ्याकडे आहे. (गावाच्या लेखी मी अजून मलेरियावालाच, पण हल्ली बसायला खुर्ची देतात.) घरोघर ताप विचारायचा, काखेत-जांघेत गाठ आहे का विचारायचं आणि उंदीर मरून पडला असेल तर तपासायला पुण्याला धाडायचा. ज्याच्या घरी उंदीर पडला त्याने पावडर मारून होईपर्यंत रानात राहायला जायचं. हा शेवटचा नियम मी चावडीवर जरा रंगवूनच सांगितला आणि तिथंच घोटाळा झाला.

घरदार सोडून रानात कोण जाणार? लोक मेलेला उंदीर गुपचूप शेजारच्या भिंतीवरून टाकायला लागले. काल शेपूट तुटलेला एक उंदीर गेणूच्या अंगणात पडल्याचं कळलं. मी चिमटा आणि बरणी घेऊन पोचेपर्यंत तो झुंबरच्या परसात. झुंबर म्हणाला, "उंदीर आमचा न्हाय, शेजारचा हाय." मग आळीभर हिंडलो, जिवंतपणी फिरला नसेल इतका तो मेल्यावर फिरला आणि शेवटी हरवलाच. पण मी सगळ्यांना असं झापलंय की आता लपवायची कुणाची छाती नाही. रोग लपवणारा माणूस उंदरापेक्षा वाईट, असं तोंडावर सांगितलं.

आपला,
साहेबराव

ता.क. रविवारी बारामतीचे पाहुणे आमच्या विनयाला बघायला येणार आहेत. कार्यक्रम तुमच्याकडे ठेवता का? मामाच्या घरी मुलगी दाखवली तर शोभून दिसतं.

आणखी एक ता.क. खरं सांगतो. आज आमच्या न्हाणीमागं शेपूट तुटलेला उंदीर पडलाय. तो आमचा नाही, शेजारचा आहे. पण बोभाटा झाला तर स्थळ हातचं जाईल. पोरीसाठी जीव टांगणीला लागलाय. मी नियमाप्रमाणे कळवणारच आहे. सोमवारी.

दादा, मी म्हाळसा. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडं दिलं, ते मी वाचलं. उंदराचं दवाखान्यात सांगून आले. आमी आता रानात हाय. बूथवरनं बारामतीला फोन करून खरं काय ते बी सांगितलं. मुलाची आई म्हणाली, "बरं झालं बाई तुमीच बोलला. आमच्यात बी पडलाय, कसं सांगावं कळंना." कार्यक्रम पुढं ढकललाय. स्थळ चांगलं हाय.