कॅप्सूलमधला अंगारा

शाहूपुरी, कोल्हापूर
१२ नोव्हेंबर २०२४

ती. अक्का,

नमस्कार. नेसरीला भाताची कापणी उरकली असेल. दाजींचा खोकला कमी आहे ना? इकडे नृसिंह आणि अंतरा बरे आहेत. फोनवर तू रडायला लागतेस आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून पत्र लिहिते आहे.

काल सकाळी माझी रोजची कॅप्सूल हातातून निसटली आणि ओल्या ओट्यावर पडून उघडली. आत पांढरे बारीक दाणे असतात. निघाली राख. वास घेतला तर कापराचा. आपल्या गावच्या देवळातला अंगारा मी ओळखणार नाही होय? मग डब्यातल्या सगळ्या उघडून बघितल्या. सगळ्यांत तेच.

दसऱ्याला तू आलीस ती अंतराचे होऊ घातलेले सासरचे लोक घर बघायला येणार म्हणून. फराळ केलास, पडदे धुतलेस, रोज माझे पाय चेपलेस. माझ्या गोळ्यांचा आठवड्याचा डबा भरायचं कामही आपणहून घेतलंस. भाऊबीज करून जाताना पुढचा डबासुद्धा भरून ठेवलास. तेव्हा मला भरून आलं होतं. आता ते आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाते.

तू कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये विचारून आली होतीस. "भैरवे, ह्या डोकं फिरलेल्यांच्या गोळ्या हाईत. इहीणबाईंनी बघितल्या तर पोरीचं कसं व्हायचं? बंद कर की." मी तुला समोर बसवून समजावलं. माझ्या आजाराचं नाव फायब्रोमायल्जिया. रिपोर्टमध्ये काही दिसत नाही, पण अंगभर दुखतं. ही गोळी नैराश्यावर देतात हे खरं, पण नसांमधून येणारी दुखण्याची ओरडही तीच कमी करते. डॉ. वर्षाराणी मॅडम म्हणाल्या होत्या, चूल एकच असते, तिच्यावर भातही होतो आणि भाकरीही. तू मान डोलावलीस. "व्हय, कळलं की," म्हणालीस.

काय कळलं तुला, अक्का?

जूनमध्ये मी कितीतरी वर्षांनी पूर्ण तास फळ्यावर लिहीत उभी राहिले होते. ह्या गोळीमुळेच रात्री झोपही लागत होती. दसऱ्यानंतर सगळं परत फिरलं. मान वळवली की डोक्यात करंट बसायचा, गरगरायचं, पदर खांद्याला सोसायचा नाही. मॅडमनी विचारलं, "गोळ्या रोज घेता ना?" मी छातीठोकपणे हो म्हटलं. त्यांनी डोस वाढवला. तू त्याही कॅप्सूल उघडल्यास. मी रात्री कण्हायचे तेव्हा तू शेजारीच झोपलेली असायचीस.

देवावर माझा राग नाही. अंगारा कपाळाला लावला असतास तर मी डोळे मिटून लावून घेतला असता. जिभेवर ठेवला असतास तर गिळलाही असता. पण मला सांगून. तू माझं औषध मोरीत ओतलंस आणि वर मलाच विचारलंस, "आज बरं वाटतंय का गं?"

एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी मी शाळेत राजीनामा दिला. गोळ्या घेऊनही दुखतंय, म्हणजे दुखणं खोटंच, असं मला वाटायला लागलं होतं. नवरा असून नृसिंह म्हणायचे, शाळेतल्या बाया म्हणायच्या, तूही म्हणायचीस. नाही म्हणणारी मी एकटी होते, तीही गप्प बसले. तुला मुद्दामच सांगितलं नाही. तू "बरं केलंस, आता इसावा घे" म्हणाली असतीस आणि मी ऐकलंही असतं.

आज राजवर्धन सरांना भेटले. ते मुख्याध्यापक, माणूस भला. म्हणाले, "कागद संस्थेकडं गेलाय, मॅडम. परत येतोय का बघतो." बघतो म्हणाले, एवढंच. मुलांना गणित शिकवणं सोडून माझं स्वतःचं असं काय आहे, तूच सांग. आणि गोळीही आता थोड्या डोसपासून पुन्हा सुरू करायची आहे. एकदम बंद करणं किती धोक्याचं असतं, हे काल सांगताना डॉक्टर मॅडमचा आवाज चढला होता. मी ऐकून घेतलं. तुझं नाव मात्र घेतलं नाही.

येत्या रविवारी सुपारी फोडायला मंडळी येणार आहेत. मी त्यांना माझा आजार आणि गोळी, दोन्ही नावानिशी सांगणार आहे. अंतराला आधी विचारलं. म्हणाली, "ज्यांना तुझी गोळी खपत नाही, त्यांच्या घरात मला काही झालं तर मी कुणाला सांगायचं?"

मावशीचा मान तुझा आहे आणि तो मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. पण त्याआधी मला एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे. मला दुखतंय, यावर तुझा कधी विश्वास होता का? हो किंवा नाही, एवढंच सांग. नाही असेल तर तसं तोंडावर सांग आणि तरीही ये. पण उत्तर न देता नुसते माझे पाय चेपायला येणार असशील, तर येऊ नकोस.

जिला खरंच दुखत होतं,
ती तुझी धाकटी बहीण,
भैरवी