खिळ्यांची जुनी भोकं

बाळकुम, ठाणे
१२ जून १९८८

चि. दौलत यास,
अ. उ. आ.

भावाभावांनी धंद्याचं बोलणं कागदावर करावं, तोंडी केलं की आवाज चढतो, हा आबांचा नियम. ते गेल्यावरही आपण दोघं तो पाळतो, म्हणून हे पत्र.

काल वागळे इस्टेटमध्ये पंपांच्या कारखान्यात गेलो होतो. तिथले खरेदी अधिकारी कर्णिक तुझी चौकशी करत होते. टिटवाळ्याला तुमचे धाकटे भाऊही खोकी बनवतात ना, डोंबिवलीच्या कारखान्यात त्यांचं नाव चांगलं ऐकलं, असं म्हणाले. मी हो म्हटलं. अकरा वर्षं त्या कारखान्याचा प्रत्येक पंप आपल्या खोक्यातून बाहेर पडला आहे. 'आपल्या' म्हणजे माझ्या, हे लिहिताना पेन जरा थांबलं. तुझं नाव ऐकून आनंद झाला, असं लिहिणार होतो. झालाही असेल.

मोठा भाऊ म्हणून एक सांगतो. आबांनी हयातभर कळव्याच्या एकाच वखारीतून देवदार घेतला आणि मीही तिथूनच घेतो. तू आज आंबा आणतोस, उद्या सावर, परवा कुणाची तरी मोडलेली खोकी. गिऱ्हाइकाला आपल्या खोक्याची वंशावळ शोधायला लागू नये.

सुमतीचे तुला आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याला कोणतं तेल लावतोस, ते तिने विचारलं आहे. आहे ती माया आटू देऊ नकोस.

तुझा,
कुंडलिक

टिटवाळा
१७ जून १९८८

ती. स्व. दादांस,
दौलतचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. गुडघा बरा आहे, वहिनींना सांगा की तेल खोबरेलच आहे, बाकी सगळी जाहिरात आमच्या सौ. मालूची. तिला वाटतं तिच्या हाताचा गुण.

वंशावळीचं वाचून खूप हसलो. पण दादा, तुम्ही कॉलेज करून धंद्यात आलात, मी आठवीतून पळून आलेलो. एका वखारवाल्यावर विसंबायची माझी ऐपत नाही. त्याने फळी दिली नाही तर मी काय करणार, त्याच्या दारात बसणार? म्हणून तीन ठिकाणी पाय ठेवलाय. कल्याणची वखार आहे. मुरबाडकडचे शेतकरी फळ धरायचा थांबलेला आंबा तोडतात, तो घेतो, नीट वाळवतो. आणि डोंबिवलीच्या कारखान्यात मशिनं येतात त्यांची खोकी ते बंबात घालायला वाटत होते. मी म्हटलं, जाळता कशाला, मला द्या. त्यातली धड फळी निवडतो, खिळे उपटतो, रंधा मारतो.

अजून एक केलंय. फळ्या सगळ्या चारच इंच रुंद कापतो. लहान पंपाला बाजूला पाच लावायच्या, मोठ्याला सात. ऑर्डर बदलली तरी कापलेलं लाकूड पडून राहत नाही.

कर्णिक साहेबांचा निरोप मलाही आलेला. तिसरा हिस्सा काम देतो म्हणाले. मी कळवलं, दादांचा होकार आल्याशिवाय नाही. माझं म्हणणं इतकंच, तुमचं अडलं तर मी भरून काढेन, माझं अडलं तर तुम्ही. गिऱ्हाईक दोघांपैकी कुणाचंच तुटणार नाही. विचार करून कळवा. वहिनींना नमस्कार, आणि तुमची छाया अशीच असू द्या.

तुमचा,
दौलत

बाळकुम, ठाणे
२९ जून १९८८

चि. दौलत यास,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. कर्णिकांशी बोलणं झालं. जुन्या फळीला खिळ्यांची भोकं राहतात, आणि पंप बोटीने परदेशी जातात, तेव्हा त्यांना ते पसंत पडेल असं दिसत नाही. सध्या तो विषय राहू द्यावा. तुझा हात चांगला आहे, दुसरीकडे काम मिळेलच.

चार इंचांची युक्ती हुशारीची आहे. मी इथे दोन दिवस आकडेमोड करून पाहिली, चूक सापडली नाही.

मालूला आशीर्वाद. मनात किंतू आणू नकोस.

तुझा,
कुंडलिक

बाळकुम
११ सप्टेंबर १९८८

चि. दौलतभाऊजींना,
सुमतीचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी लिहिलं हे तुमच्या दादांना कळू देऊ नका. तुमचा तो कागदाचा नियम भावाभावांसाठी आहे, भावजयीला लागू नाही, अशी मी माझी समजूत घातली आहे.

उत्तरेकडे डोंगरात दरड कोसळली आणि देवदाराच्या गाड्या तीन आठवडे आलेल्या नाहीत. कळव्याची वखार रिकामी आहे. कारखान्याचे एकशे साठ पंप तीस तारखेच्या बोटीवर चढायचे आहेत आणि आमच्याकडे जेमतेम चाळीस खोक्यांचं लाकूड आहे. यांनी दुसऱ्या दोन वखारी पाहिल्या. अनोळखी माणसाला ते आधी जुन्या गिऱ्हाइकांचं बघू म्हणतात. अकरा वर्षांत कुणाशी ओळखच ठेवली नाही.

कर्णिकांनी स्पष्ट सांगितलंय, बोट चुकली तर पुढचं काम मुंबईच्या माणसाला. दोन्ही कारागीर हात बांधून बसले आहेत. हे डायरी लिहितात आणि फाडतात. मी म्हटलं भाऊजींना कळवा, तर म्हणाले, त्याला कोणत्या तोंडाने? त्यात काय आहे ते मला सांगत नाहीत. तुम्हाला ठाऊक असेल तर असो. मालूला सांगा, तिच्या हाताच्या गुणाची इथेही गरज आहे. विसरू नये, हीच विनंती.

तुमची,
सुमतीवहिनी

टिटवाळा
१४ सप्टेंबर १९८८

ती. स्व. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

वखारी रिकाम्या पडल्याचं कल्याणात सगळीकडे बोललं जातंय. हा कागद घेऊन टेम्पो येतोय. एकशे वीस खोक्यांच्या फळ्या आहेत, कापलेल्या. खोकी पाठवली नाहीत, फळ्याच पाठवल्यात. खिळे तुमच्या कारखान्यात, तुमच्या माणसांनी ठोकायचे. शिक्काही तुमचाच.

निम्मा आंबा आहे, निम्मं जुनं लाकूड. जुन्यावर खडूने फुली मारली आहे, पसंत नसेल तर बाजूला काढा. कर्णिक साहेबांना काही सांगायची गरज नाही. वहिनींना नमस्कार. आशीर्वाद असू द्यावा.

तुमचा,
दौलत

बाळकुम, ठाणे
२ ऑक्टोबर १९८८

चि. दौलत यास,
अ. उ. आ.

एकशे साठ पंप बोटीवर चढले. फुलीची एकही फळी बाजूला काढावी लागली नाही. हे आधी लिहितो, कारण पुढचं लिहिल्यावर हे लिहायचं राहून जाईल.

टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी मात्र फळ्या मोजत, एखादी तरी वाकडी निघावी म्हणून प्रत्येक डोळ्याशी धरून पाहत होतो. एकही निघाली नाही, तेव्हा तुझा इतका राग आला की मी आत जाऊन पाणी प्यायलो.

कर्णिक माल बघायला आले. जोड बघून म्हणाले, यंदा काम जास्त साफ आहे, लाकूड कुठून मिळवलंत? वखारीचं नाव माझ्या जिभेवर होतं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. एकशे वीस खोक्यांचं लाकूड माझ्या भावाचं आहे आणि त्यातलं निम्मं जुनं आहे. जूनमध्ये त्यांनी तुझ्याबद्दल मत विचारलं, तेव्हा भोकांची गोष्ट मीच काढली होती. त्यांनी ती विचारलीही नव्हती. तुला लिहिताना मात्र मी ती त्यांच्या तोंडी घातली. जे बोललो ते खोटं नव्हतं, याच आधारावर मी तीन महिने झोपलो. पण ती भोकं लाकडी मेखा ठोकून, वर रंधा मारून तू बुजवतोस हेही मला ठाऊक होतं, आणि ते मी सांगितलं नाही.

कर्णिक म्हणाले, "म्हणजे तुमच्या शब्दावर मी एका चांगल्या माणसाला नाही म्हटलं."

पुढच्या महिन्यापासून काम निम्मं तुझं, निम्मं माझं. तू तिसरा हिस्सा मागितला होतास. हे पत्र लिहिल्यावर मन हलकं होईल असं सुमतीला वाटतं. झालेलं नाही. तुझा हेवा अजून वाटतो, आणि पुढच्या खेपेला तो माझ्याकडून काय करून घेईल याची भीती वाटते. राग आला तर तो लिही, गप्प राहू नकोस.

तुझा,
कुंडलिक

टिटवाळा
६ ऑक्टोबर १९८८

ती. स्व. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

मला जूनमध्येच कळलेलं. तुमच्या पत्राच्या आधी कर्णिक साहेबांच्या ऑफिसातून निरोप आला, तुमच्या मोठ्या भावाचंच मत बरं नाही, आम्ही काय करणार. त्या दिवशी मी मालूवर विनाकारण ओरडलो.

तुम्ही मला साधुसंत करून ठेवताय, म्हणून आता माझं ऐका. टेम्पो मी भावाच्या मायेने भरला नाही. आबांनी तुम्हाला कॉलेजात घातलं, मला रंध्यावर. लहानपणापासून ऐकतोय, दादासारखं अक्षर काढ, दादासारखा हिशोब शीक. वहिनींचं पत्र आलं (हो, आलेलं, त्यांना बोलू नका) तेव्हा मला वाटलं, आता फिटलं. एकेक फुली मी अशी ठळक मारली की तुम्हाला ती रोज दिसावी. फळ्या चढवताना मी शीळ घालत होतो. मालू म्हणाली, "भावाला मदत करताय की त्याची जिरवताय?" मी पुढची फळी उचलली. तेव्हा हेवा एकट्या तुमच्याच घरात आहे असं समजू नका.

आता कामाचं. दोन दिवसांपूर्वी आमच्या आऱ्याची मोटर जळाली, वायंडिंगला दहा दिवस लागतील. डोंबिवलीच्या ऑर्डरसाठी साठ खोक्यांचं लाकूड कापायचं राहिलंय. टिटवाळ्यात दुसरा आरा आहे, कल्याणातही दोन आहेत, तिथे गेलो तर कुणी नाही म्हणणार नाही. काल दिवसभर तिथेच जायचं ठरवत होतो. तुमच्याकडे मागायचं म्हणजे माझा हात कागदावर किती जड झालाय ते अक्षरावरून दिसेलच.

लाकूड तुमच्याकडे कापून मिळेल का? चार इंच. सोमवारी टेम्पोबरोबर मी स्वतः येतो.

तुमचा,
दौलत