तेराव्या भोकाची कबुली आणि माझ्या हत्यारांची व्यवस्था

मी, दत्ताराम महादेव मेस्त्री, वय वर्षे चौपन्न, धंदा सुतारकाम, मूळ राहणार तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी, सध्या मुक्काम तुबली, बहरीन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत आणि चहा पिऊन लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे आहेत. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन किरकोळ आहे. किरकोळ कामाला माझ्या तीन सह्या कशाला, असे विचारल्यावर ते नुसते हसले. माझ्या धंद्यात गिऱ्हाइकाने असे विचारले आणि सुतार हसला, तर दार हमखास घासते. म्हणून हा कागद.

आधीच सांगतो, या कागदाचा जीव चौथ्या आणि पाचव्या कलमात आहे. माझा भागीदार व्हॅलेरियन तुस्कानो माझी हत्यारे घेईल की तोंड फिरवील, एवढाच मला घोर आहे. बाकीची कलमे रीत म्हणून.

कलम १. गावचे घर, पडवी, विहीर आणि सात कलमी आंबे माझी पत्नी सौ. मथुरा हिला. सोळा वर्षे ती हे सगळे माझ्यावाचून सांभाळते आहे, तेव्हा या कलमाने तिला नवीन काही मिळत नाही. ते तिचे आहे हे मला कळले आहे, एवढेच तिला कळावे. बँकेत असेल तेही तिचेच.

कलम २. माझी संस्कृत पुस्तके गावच्या पाठशाळेस. अठराव्या वर्षी वडिलांबरोबर तिथली बाके दुरुस्त करायला गेलो होतो. रंधा मारता मारता आतले पाठ ऐकून म्हणत होतो. शास्त्रीबुवा बाहेर आले आणि वडिलांना म्हणाले, "महादेवा, बाक राहू दे मोडके, दत्ताला ठेव." चार वर्षे राहिलो. देह नश्वर आहे हे त्यांच्याकडे शिकलो, साग टिकतो हे वडिलांकडे. पोट दुसऱ्या विद्येवर भरले. पहिलीचा उपयोग या आठवड्यात होत आहे.

कलम ३. माझा मेहुणा पांडुरंग याच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी ठासायची, तेव्हा कुठे एक बार निघतो. कुंपणावर वाळत घातलेली माझी घोंगडी रानडुक्कर समजून त्याने तिच्यावर बार काढला. घोंगडी जागीच ठार झाली. त्याने अजून दिलगिरी व्यक्त केलेली नाही, उलट "हलली होती" असे सांगतो. त्याला मी एकच भोक असलेली गोळ्यांची फळी ठेवतो. पहिली चुकल्यावर डुक्कर दुसरीसाठी थांबत नाही.

कलम ४. गोळ्यांची फळी म्हणजे काय, ते मथुरेला नीट कळावे म्हणून लिहितो, कारण ती मला अजून खेळणी करणारा समजते. तळहाताएवढी लाकडी फळी. तिला ओळीने भोके. प्रत्येक भोकात तेलकट कापडात गुंडाळलेली शिशाची एकेक गोळी घट्ट बसवलेली. फळी गळ्यात अडकवायची, भोक नळीच्या तोंडावर धरायचे, वरून लहान दांडीने दाबायचे, की गोळी कापडासकट आत. खिसे चाचपायला नकोत. थोडक्यात, बंदुकीची पानसुपारीची चंची.

मआमीरच्या बाजूच्या कारखान्यात वॉटकिन्स नावाचे इंजिनियर साहेब होते. खिडकी दुरुस्त करून घ्यायला आले आणि माझे कोरीवकाम पाहून थांबले. विलायतेत त्यांचा ठासणीच्या बंदुकांचा क्लब होता. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मित्रांसाठी आम्ही दोनशेवर फळ्या केल्या. गलबत बांधणाऱ्यांकडचे सागाचे उरलेले तुकडे आणायचे, व्हॅलेरियनने भोके पाडायची, मी नक्षी काढायची. व्हॅलेरियनचे भोक असे, की गोळी उलटी धरली तरी पडत नाही आणि दाबली की अडत नाही. बार निघताना मात्र आम्ही कधी पाहिला नाही, मी घोंगडीचा सोडून.

१९८० साली साहेबांनी स्पर्धेसाठी सहा फळ्या मागितल्या. तेरा बार काढायचे, त्यातले चांगले दहा धरायचे, असा त्यांचा नियम. म्हणून तेरा भोके. व्हॅलेरियनने बाराच पाडली. तेरा जण एका टेबलावर बसले की एक दगा देतो, असे वसईच्या त्याच्या आजीने त्याच्या डोक्यात भरलेले. तेरावे भोक साहेबांच्या गळ्यात तो अडकवणार नव्हता. साहेबांनी विचारले तर लाकडात जागा नव्हती असे सांगू, असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली, अशी आजवर माझी कथा आहे. ती खोटी आहे.

खरे असे. व्हॅलेरियनने बारा पाडली आणि तेराव्या जागी प्रत्येक फळीवर पेन्सिलीने फुली मारली. म्हणजे हे दत्ताने पाडावे. मी फुली पाहिली. त्या वर्षी माझी आई गेली होती आणि मला लीव्ह मिळाली नव्हती. तिचे तेरावे मी इथे, या शेडमध्ये, स्टोव्हवर शिरा करून घातले होते. त्या आकड्यावर मला गिरमिट लावता येईना. मी सहाही फुल्या पॉलिशपेपरने घासल्या आणि त्या जागी आठ पाकळ्यांचे कमळ कोरले. इतके सुबक, की काही राहून गेले आहे असे कोणाला वाटू नये.

साहेबांचे विलायतेहून पत्र आले. शेवटच्या, तेराव्या बाराला त्यांनी कमळ नळीवर धरले आणि दांडीने ठोकत राहिले. वेळ संपली. एका बाराने ते हरले. कमळाचे सर्वांनी कौतुक केले, जिंकलेल्या माणसाने सर्वांत जास्त.

पत्र वाचून व्हॅलेरियनने विचारले, "दत्ता, मी फुली मारली होती की नाही?"

मी म्हणालो, "मला नाही दिसली. भोकं तुझं खातं, मी नक्षीवाला."

तेव्हापासून साडेतीन वर्षे आम्ही एकाच मेजावर काम करतो आणि एकमेकांशी बोलत नाही. शेजारच्या गॅरेजचे जमालुद्दीनभाई मध्ये असतात.

"जमालुद्दीनभाई, इनको बोलो, गोंद खलास."

"जमालुद्दीनभाई, इनको बोलो, गोंद उनके हाथ के नीचे है."

"मैं गाडी के नीचे हूं, भाई. मराठी में लड लो ना, मुझे क्यों जगाते हो?"

कलम ५. म्हणून माझे चार रंधे, अकरा पटाशा, सगळी गिरमिटे आणि पितळी मुठीचे हातड्रिल मी व्हॅलेरियन तुस्कानो याला देतो. हत्यारे घेतली तर मला माफी मिळाली असे मी, असेन तिथे, समजेन. अट एकच. पटाशी जमालुद्दीनभाईंना देऊ नये. ते तिने रंगाचे डबे उघडतात.

आज शुक्रवार, सुट्टीचा दिवस. वरचे सगळे लिहून झाल्यावर सह्यांच्या वेळी जे घडले ते जोडतो. साक्षीला जमालुद्दीनभाई आणि लान्सी असे दोघे बोलावले होते. लान्सी एका वकिलाकडे टायपिस्ट आहे. लान्सीने पेन उघडले, इतक्यात व्हॅलेरियन आला आणि त्याने कागद उचलून उभ्याउभ्या सगळा वाचला. चौथे कलम दोनदा.

मग साडेतीन वर्षांनी तो माझ्याकडे पाहून बोलला.

"पॉलिशपेपरने घासलीस?"

"हो."

"मला वाटलं, माझीच पेन्सिल फिकी. तेव्हापासून मी काळीकुट्ट पेन्सिल वापरतोय, गाढवा. सेलिन म्हणते, हात धू, मग जेवायला बस."

सेलिन म्हणजे त्याची बायको, इस्पितळात नर्स आहे. मला सांगण्यासारखे सगळे कागदावर होते आणि कागद त्याच्या हातात होता. त्याने लान्सीकडून पेन घेतले.

"अंकल, थांबा," लान्सी म्हणाला. "ज्याला मिळायचंय त्याने साक्षीला सही केली, तर त्याचं मिळणं रद्द होतं. तुम्हाला एक पटाशी पण मिळायची नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर करतोय." सही करता करता तो मला म्हणाला, "मेलेल्या माणसाची हत्यारं सेलिन घरात घेऊ देणार नाही. जिवंत माणसाची मी मागून घेईन. आणि मंगळवारी तिची ड्युटी त्याच वॉर्डात आहे, तेव्हा तिथे शास्त्र सांगत बसू नकोस."

जमालुद्दीनभाईंनी "यल्ला, खलास" म्हणून उर्दूत सही ठोकली.

लान्सीच्या मते यामुळे कलम ५ गेले. हत्यारांना आता वारस नाही. दुसरा शोधायला मंगळवारपर्यंत सवड नाही, आणि तशीच मेजावर ठेवली तर रंगाचे डबे आहेतच. तेव्हा मी परत येऊन ती स्वतः वापरावी, असे आम्हा चौघांच्या विचाराने ठरले आहे. मथुरेने काळजी करू नये.

हे सर्व मी माझ्या हाताने लिहिले, वाचले आणि दुसऱ्याने वाचलेले पाहिले.

सही : दत्ताराम महादेव मेस्त्री

आमच्यासमोर सही झाली :
१. व्हॅलेरियन तुस्कानो, सुतार, तुबली
२. जमालुद्दीन, गॅरेजवाले, तुबली (मजकूर हिंदीत समजावून सांगितला, पटाशीचे वाक्य त्यांना मान्य नाही)

मुक्काम तुबली, बहरीन
दिनांक १६ मार्च १९८४